चुका मोजणाऱ्यांचे विज्ञान : क्वांटम संगणकावरील संशोधक नेमके काय करतो?

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस या तिघा शास्त्रज्ञांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ज्या प्रयोगांसाठी हा सन्मान मिळाला ते १९८४-८५ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात झाले होते. त्या वेळी क्लार्क तेथे प्राध्यापक होते, देवोरे पीएच.डी. आटोपून फ्रान्सहून आलेले तरुण संशोधक होते आणि मार्टिनिस हे क्लार्क यांचे विद्यार्थी होते. अणू-रेणूंच्या सूक्ष्म जगात चालणारे क्वांटम नियम हातात धरता येईल अशा चिपवरील विद्युत परिपथातही चालतात, हे या तिघांनी दाखवून दिले.

हा प्रयोग अवघड होता तो एका कारणाने. प्रयोगशाळेतील उपकरणे, रेडिओलहरी, तारांमधून वाहत येणारी उष्णता असा बाहेरचा ‘गोंगाट’ परिपथापर्यंत पोचला, तर जे पाहायचे तेच पुसले जात होते. हा गोंगाट अडवण्यासाठी त्यांनी तांब्याच्या बारीक पुडीतून तार नेणारी गाळणी तयार केली. तारेतून येणारे नको ते सूक्ष्मलहरींचे स्पंदन ती पूड शोषून घेई. अशी गाळणी अतिशीत तापमानावरील प्रयोगांत आजही वापरली जाते.

क्वांटम संगणकाच्या क्षेत्रात संशोधक म्हणून काम करणे म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी त्या पुडीपासून सुरुवात करणे योग्य ठरेल. वर्तमानपत्रांतील बातम्यांमुळे असा समज होतो, की हा संशोधक अशक्यप्राय गणिते चुटकीसरशी सोडवणारे यंत्र चालवत असतो. प्रत्यक्षात त्याचा बहुतेक काळ चूक कोठून आली, किती आली आणि ती कशी कमी करता येईल, याचा हिशेब मांडण्यात जातो.

सोनेरी झुंबर आणि नखाएवढी चिप

क्वांटम संगणकाच्या बातमीसोबत बहुधा एका सोनेरी झुंबराचे छायाचित्र असते. ते झुंबर म्हणजे संगणक नव्हे. तो डायल्यूशन रेफ्रिजरेटर नावाच्या शीतयंत्राचा आतला भाग होय. खरी चिप त्याच्या तळाशी, धातूच्या डबीत बंद असते आणि ती नखाएवढी किंवा थोडी मोठी असते. वरून खाली येणाऱ्या प्रत्येक थराचे तापमान आधीच्या थरापेक्षा कमी असते. सर्वांत खालच्या थराचे तापमान १० ते २० मिलिकेल्विन, म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सियस या निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ असते. अंतराळाच्या पोकळीचे तापमान २.७ केल्विन आहे. म्हणजे चिपभोवतीची जागा अंतराळाहून शंभरपटींहून अधिक थंड असते.

एवढ्या थंडीची गरज का भासते? या चिपवरील क्यूबिट साधारण ५ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या सूक्ष्मलहरींनी चालवले जातात. त्या वारंवारतेची ऊर्जा जेमतेम पाव केल्विन तापमानाच्या उष्णतेइतकी असते. परिसर त्याहून पुष्कळ थंड नसेल, तर उष्णताच क्यूबिटची अवस्था बदलून टाकील आणि संशोधकाने दिलेली आज्ञा कोणती, उष्णतेने केलेला खेळ कोणता, हे ओळखता येणार नाही. ही थंडी हेलियम-३ आणि हेलियम-४ यांच्या मिश्रणातून मिळते. हेलियम-३ अतिशय दुर्मीळ आहे. तो मुख्यतः ट्रिटियमच्या क्षयातून मिळतो आणि म्हणून फार महाग पडतो.

‘सगळी उत्तरे एकाच वेळी’ हे अर्धसत्य

नेहमीच्या संगणकातील बिट ० किंवा १ या दोहोंपैकी एका अवस्थेत असतो. क्यूबिट मात्र या दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात राहू शकतो. यावरून ‘क्वांटम संगणक सगळी उत्तरे एकाच वेळी तपासतो’ असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. क्यूबिट मोजताच मिश्रण संपते आणि ० किंवा १ एवढेच हाती लागते. केवळ मिश्रण करून मोजले, तर मिळणारे उत्तर म्हणजे नाणेफेकच.

खरे कौशल्य व्यतिकरणात आहे. शांत तळीत दोन ठिकाणी खडे टाकले, तर दोन्हीकडून येणाऱ्या लाटा काही जागी एकमेकींना उंचावतात, तर काही जागी एकमेकींना पुसतात. क्वांटम रीतीतही चुकीच्या उत्तरांच्या ‘लाटा’ एकमेकींना पुसतील आणि बरोबर उत्तराच्या लाटा उंचावतील, अशी योजना करावी लागते. अशी योजना मोजक्याच प्रश्नांसाठी सापडली आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये प्रचंड संख्येचे अवयव पाडण्यासाठी ती शोधून काढली आणि जगाचे लक्ष या विषयाकडे वळले. कारण बँकांपासून सरकारी संदेशांपर्यंत वापरली जाणारी आरएसए ही सांकेतिक पद्धत अशा संख्यांचे अवयव पाडणे अवघड असते, या गृहीतकावरच उभी आहे.

दिवस कसा जातो?

या क्षेत्रातील संशोधकांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात : चिप घडवणारे, ती चालवून मोजणारे आणि कागदावर रीती शोधणारे.

चिप घडवणाऱ्याचे काम स्वच्छकक्षात चालते. तेथे डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोशाख घालावा लागतो, कारण धुळीचा एक कण किंवा एक केस नमुना बिघडवू शकतो. सिलिकॉन अथवा नीलमण्याच्या चकतीवर ॲल्युमिनियमसारख्या अतिसंवाहक धातूचा पातळ थर देऊन त्यात परिपथ कोरला जातो. त्याचा गाभा म्हणजे जोसेफसन संधी : दोन अतिसंवाहक थरांच्या मध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडचा एक-दोन नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा. या संधीचे गणित ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी मांडले होते. पापुद्रा किंचित जाड किंवा पातळ झाला की क्यूबिटची वारंवारता बदलते. एकाच चकतीवरील दोन संधीही तंतोतंत सारख्या होत नाहीत.

मोजणाऱ्याचा दिवस शीतयंत्रापासून सुरू होतो. चिप बसवून यंत्र बंद केले की ते पूर्ण थंड होण्यास एक-दोन दिवस लागतात. आतील एखादी तार सैल राहिल्याचे त्यानंतर लक्षात आले, तर सारे पुन्हा गरम करून, उघडून, दुरुस्त करून परत थंड करावे लागते. थंड झाल्यावर प्रत्येक क्यूबिटची ओळख करून घ्यायची : त्याची नेमकी वारंवारता किती, किती लांबीचे सूक्ष्मलहरींचे स्पंदन दिले की तो ० वरून १ वर जातो आणि १ वर ठेवल्यास किती वेळ तेथे टिकतो. हे प्रयोग हजारो वेळा करून सरासरी काढली जाते. काल बरोबर असलेले आकडे आज तसेच असतील याची खात्री नसते, कारण पदार्थातील सूक्ष्म दोषांमुळे क्यूबिटचे वर्तन दिवसागणिक, कधी तासागणिकही बदलते. म्हणून वाद्य लावून घ्यावे तसे क्यूबिट पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. हे काम बव्हंशी पायथन भाषेतील प्रोग्रॅमच्या साहाय्याने चालते. पण आकडा विचित्र आला तर दोष क्यूबिटचा, तारेचा की प्रोग्रॅमचा, हे माणसालाच शोधावे लागते.

सैद्धान्तिक संशोधकाचे हत्यार कागद आणि संगणक. त्याच्या कामाचे मोल एका उदाहरणावरून कळेल. २०४८ बिटांचे आरएसए कुलूप उघडण्यासाठी सुमारे २ कोटी क्यूबिट आणि आठ तास लागतील, असा हिशेब क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो यांनी २०१९ मध्ये मांडला होता. २०२५ मध्ये गिडनी यांनी अधिक चांगल्या रीती वापरून तोच आकडा १० लाखांच्या आत आणला. त्यासाठी वेळ मात्र आठवड्याच्या आतबाहेर धरला. क्यूबिटच्या चुकीचे गृहीत धरलेले प्रमाण दोन्ही हिशेबांत तेच होते. यंत्र न बदलता केवळ विचाराने गरज वीसपटींनी घटली. ही घट लक्षात घेता, अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्येच क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या सांकेतिक पद्धतींची पहिली तीन मानके प्रसिद्ध केली, हे योग्यच म्हणावे लागेल. आज चोरून साठवलेला संदेश उद्या उघडता येऊ शकतो.

हजारात एक चूक, तरीही फार

१९९९ मध्ये जपानमधील एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत यासुनोबु नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी पहिला अतिसंवाहक क्यूबिट चालवून दाखवला, तेव्हा त्याची क्वांटम अवस्था काही नॅनोसेकंदच टिकली. आज चांगल्या क्यूबिटची अवस्था १०० मायक्रोसेकंदांहून अधिक टिकते. ही हजारो पटींची वाढ कोणा एका शोधाने झालेली नाही. परिपथाची नवी रचना, शुद्ध पदार्थ, स्वच्छ पृष्ठभाग, उत्तम गाळण्या अशा असंख्य लहान सुधारणांची ती बेरीज आहे.

तरीही हिशेब कठोर आहे. एक क्रिया सुमारे ५० नॅनोसेकंदांची धरली, तर १०० मायक्रोसेकंदांत जास्तीत जास्त दोन हजार क्रिया बसतात. प्रत्येक क्रियेत हजारात एक चूक होते असे मानले, तर हजार क्रिया निर्दोष पार पडण्याची शक्यता केवळ ३७ टक्के उरते. उपयुक्त गणितांना मात्र अब्जावधी क्रिया लागतात.

यावर उपाय म्हणजे चुकांची दुरुस्ती. साध्या संगणकात एका बिटाच्या तीन प्रती ठेवून बहुमत घेता येते. क्यूबिटची प्रत काढणे निसर्गनियमानेच अशक्य आहे आणि त्याच्याकडे पाहिले तर अवस्था मोडते. तेव्हा चूक दुरुस्त करायची कशी? १९९५ मध्ये शोर यांनीच मार्ग दाखवला : एका क्यूबिटची माहिती नऊ क्यूबिटांच्या परस्परसंबंधांत पसरून ठेवायची आणि प्रत्यक्ष माहितीकडे न पाहता केवळ शेजाऱ्यांमधील विसंगती तपासायची. अशा समूहाला तार्किक क्यूबिट म्हणतात. मात्र त्याला एक अट आहे. मुळातील चूक एका मर्यादेपेक्षा कमी असेल तरच समूह मोठा केल्याने फायदा होतो. अन्यथा जितके क्यूबिट अधिक तितक्या चुकाही अधिक.

ही मर्यादा ओलांडल्याचा ठळक पुरावा डिसेंबर २०२४ मध्ये गुगलच्या १०५ क्यूबिटांच्या ‘विलो’ चिपवरून प्रसिद्ध झाला. माहिती साठवणाऱ्या क्यूबिटांची जाळी ३×३ वरून ५×५ आणि पुढे ७×७ केली, तेव्हा प्रत्येक टप्प्याला चुका दुपटीहून थोड्या अधिक प्रमाणात घटल्या. सर्वांत मोठ्या जाळीत ४९ क्यूबिट माहितीसाठी आणि ४८ तपासणीसाठी होते. एवढ्या ९७ क्यूबिटांचा मिळून एक तार्किक क्यूबिट झाला आणि त्यातही दर फेरीला हजारात एकाहून थोडी अधिक चूक उरलीच. कागदावरील कल्पना प्रयोगात या टप्प्याला येण्यास जवळपास तीस वर्षे लागली.

आकड्याशी प्रामाणिक राहण्याची कसोटी

ज्या क्षेत्रात पैसा आणि अपेक्षा यांचा ओघ मोठा असतो, तेथे आकडा आपल्या बाजूने वाचण्याचा मोहही मोठा असतो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील गटाने २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात माजोराना कणांच्या पुराव्याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. अशा कणांपासून मुळातच कमी चुका करणारा क्यूबिट घडेल, अशी आशा होती. अन्य संशोधकांनी मूळ नोंदी तपासल्यावर निष्कर्षाला तो आधार पुरेसा नसल्याचे उघड झाले आणि २०२१ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला.

दुसरे उदाहरण मार्टिनिस यांच्याच नेतृत्वाखाली घडलेल्या ५३ क्यूबिटांच्या यंत्राचे. महासंगणकाला दहा हजार वर्षे लागतील असे गणित या यंत्राने २०० सेकंदांत केले, असा दावा गुगलने २०१९ मध्ये केला. तेच गणित महासंगणक अडीच दिवसांत करील, असा प्रतिवाद आयबीएमने लगेच केला. पुढील काळात साध्या संगणकांच्या रीतीही सुधारल्या आणि ते अंतर आणखी घटले. मूळ प्रयोगाचे महत्त्व त्याने संपले नाही. पण तुलना कशाशी केली, हा प्रश्न किती मोलाचा आहे, हे स्पष्ट झाले. स्वतःच्या निष्कर्षावर सर्वांत आधी स्वतःच शंका घेणे, ही या व्यवसायाची रोजची शिस्त आहे.

भारतातील चित्र

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. २०२३-२४ ते २०३०-३१ या काळासाठी त्यात ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटांचे संगणक उभारण्याचे उद्दिष्ट आहे. क्वांटम संगणनाचे केंद्र बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, तर सूक्ष्ममापन व संवेदकांचे केंद्र आयआयटी मुंबईत आहे.

गोव्याच्या दृष्टीने जवळचे केंद्र म्हणजे मुंबईत कुलाब्याला समुद्राकाठी असलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था. गोमंतकीय गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दीड दशकाहून अधिक काळ याच संस्थेत काम केले. तेथील प्रयोगशाळा, डीआरडीओची पुण्यातील क्वांटम तंत्रज्ञान प्रयोगशाळा आणि टीसीएस यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या ६ क्यूबिटांच्या प्रोसेसरची संपूर्ण चाचणी पार पडल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले. एप्रिल २०२५ मध्ये बेंगळुरूच्या क्यूपीएआय कंपनीने २५ क्यूबिटांचा संगणक सादर केला. शेकड्यांत मोजणाऱ्या परदेशी यंत्रांपुढे ६ किंवा २५ हे आकडे लहान दिसतात. परंतु चिप, शीतयंत्रातील जोडणी, नियंत्रण आणि प्रोग्रॅम ही साखळी एकदा स्वतः जुळवून पाहिल्याखेरीज पुढचा आकडा गाठता येत नाही.

गोव्यातील विद्यार्थ्यापुढचा प्रश्न

ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठ असो, फर्मागुढीची आयआयटी असो की झुआरीनगरचे बिट्स. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या क्षेत्राचे दार बंद नाही. ते केवळ भौतिकशास्त्रज्ञांचे क्षेत्रही राहिलेले नाही. सूक्ष्मलहरींचे इलेक्ट्रॉनिक्स जाणणारा अभियंता, अतिशीत यंत्रे सांभाळणारा तंत्रज्ञ, पदार्थविज्ञानाचा अभ्यासक, प्रोग्रॅमर या सर्वांची तेथे गरज असते. पायाभूत तयारी मात्र चुकत नाही : रेषीय बीजगणित, संभाव्यताशास्त्र, पुंजयामिकी आणि हाताने उपकरण जोडण्याची सवय.

घरातील वडीलधाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो, आणि तो रास्तही आहे : पुढे काय? स्वतंत्र संशोधक होण्यासाठी पीएच.डी. जवळजवळ अनिवार्य आहे. पदव्युत्तर शिक्षणानंतर त्यासाठी पाच-सहा वर्षे लागतात. २०२३ पासून केंद्र सरकारची संशोधन अधिछात्रवृत्ती पहिल्या दोन वर्षांसाठी महिना ३७,००० रुपये आणि त्यापुढे ४२,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता निराळा. त्यानंतर बहुधा दोन-तीन वर्षे देशात वा परदेशात पीएच.डी.-पश्चात संशोधन करावे लागते. बरोबरीचे मित्र सॉफ्टवेअर कंपनीत स्थिरावलेले असताना हा काळ काढणे सोपे नसते. दुसरीकडे, या वर्षांत अंगी येणारे कौशल्य क्वांटम संगणकापुरतेच मर्यादित नसते. क्षीण संकेत गोंगाटातून वेचून काढण्याची विद्या दूरसंचार, रेडिओ खगोलशास्त्र आणि वैद्यकीय प्रतिमांकन येथेही लागते.

बातमी वाचताना

सामान्य वाचकालाही या हिशेबातून एक मोजपट्टी मिळते. ‘अमुक क्यूबिटांचा संगणक’ अशी बातमी आली, की चार प्रश्न विचारावेत. एका क्रियेत चूक किती होते? क्यूबिट सुटे आहेत की दुरुस्ती केलेले तार्किक? सोडवलेले गणित कोणाच्या उपयोगाचे आहे? आणि तुलना आजच्या सर्वोत्तम साध्या संगणकाशी केली आहे काय? ज्या बातमीत या चारांपैकी एकाचेही उत्तर नाही, ती जाहिरात म्हणून वाचावी.

सरकारलाही एक प्रश्न विचारायला हवा. आज बारावीत असलेली मुलगी या वाटेने निघाली, तर पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. संपण्यास दहा ते बारा वर्षे जातील. राष्ट्रीय क्वांटम मिशनची मुदत त्याआधीच, २०३०-३१ मध्ये संपलेली असेल. म्हणजे या मिशनमधून उभ्या राहणाऱ्या प्रयोगशाळांचा खरा उपयोग ज्या पिढीला व्हायचा, ती पिढी मिशन संपल्यानंतर तेथे पोचणार आहे. शीतयंत्रे विकत घेता येतात. ती चालवणारे हात आणि आकड्याशी प्रामाणिक राहणारी शिस्त घडवण्यास पिढी लागते. बर्कलेतील विद्यार्थ्याच्या कामाचे चीज चाळीस वर्षांनी झाले. आपल्याकडील विद्यार्थ्याला तेवढा काळ प्रयोगशाळा चालू राहतील, याची हमी कोण देणार?